द्वारकावैनींची हाक

द्वारकावैनींच्या तोंडून मी गणपतीचं नाव कधी ऐकलं नाही. भक्ती नव्हती असं मुळीच नाही. संकष्टीचा उपास त्या कडकडीत करायच्या आणि चंद्र ढगाआड रेंगाळला तर त्यालाही चार शब्द सुनवायच्या. पण देवाचं नाव घ्यायची वेळ आली की ‘सोंडेचा देव’, ‘उंदीरवाला’, आणि फारच घाईत असल्या तर ‘तो आपला मोदकवाला’. विसर्जनाला सगळा रस्ता ‘गणपती बाप्पा’ म्हणून ओरडायचा तेव्हा त्या तोंड घट्ट मिटून उभ्या असत, आणि ‘मोरया’ मात्र इतक्या जोरात म्हणत की पुढचे लोक मागे वळून बघत. कारण साधं होतं. त्यांच्या नवऱ्याचं नाव गणपत.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत तेव्हा घरोघर होती, त्यात नवल काही नाही. नवल हे, की ज्याचं नाव त्या एवढ्या निष्ठेनं टाळत होत्या तो माणूस कितीतरी वर्षं घरात नव्हता, आणि त्याच्याविषयी एक बरा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा मी रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेले. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. खाडीच्या कडेला द्वारकावैनींची माड-पोफळीची वाडी होती, तिच्यातली पडवीला लागून असलेली खोली मला मिळाली. मी व्याकरण शिकवायचे. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असलं की मला बरं वाटतं. गोंधळ मला सोसत नाही. आणि दैवानं मला बिऱ्हाड दिलं ते या बाईच्या शेजारी.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “कुटल्या तुमी, मास्तरीनबाई?”

“पेणची.”

“म्हंजे ते सोंडेवाले घडवतात त्या गावच्या!”

मला वाटलं बाई सर्कशीबद्दल बोलतायत. मी घाईघाईनं सांगितलं, आमच्याकडे सर्कस नाही, गणपती करतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. आमची ओळख अशी गोंधळात सुरू झाली आणि पुढेही तशीच राहिली.

वैनी अंगानं काटक, रंगानं सावळ्या. कासोटा घालून सकाळपासून वाडीत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वाडीत विहिरीवर रहाट होता आणि रहाटाला रेडा जुंपलेला. रेडा गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पन्हळीतून पाणी पोफळींना जायचं, आणि या सगळ्या वेळात वैनी त्या रेड्याला बोलत असायच्या. “चाललाय बघा! डोळ्याला झापड बांदली तरी कळतं याला, कुटं वळायचं. आनि काई लोकांना डोळे उगडे ठेवून घर सापडत न्हाय.” रेडा बिचारा कान हलवायचा. ती बोलणी त्याची नाहीत हे कळायला मला बरेच दिवस लागले. रेड्याला ते पहिल्यापासून माहीत असावं.

गणपतरावांची हकिगत अशी. ते गलबतावर खलाशी होते. गलबत मलबारात जाऊन कौलं भरून आणायचं. लढाईच्या दिवसांत अशाच एका खेपेला तिकडच्या कुठल्याशा बंदरात ते जेवायला उतरले, ते परत आलेच नाहीत. तांडेलानं भरती-ओहोटीच्या दोन खेपा वाट बघितली आणि शीड उभारलं. बस्स, एवढंच. पुढचं ज्याचं त्यानं रचलं होतं. कुणी म्हणे पटकीनं मेले, कुणी म्हणे लष्करात भरती झाले. कुणी आवाज खाली आणून सांगे, तिकडे दुसरं घर केलंय, दोन मुलं आहेत. सांगणाऱ्यानं मुलांची नावंसुद्धा ठेवली होती.

वैनींना यातलं काहीच पटत नसे आणि सगळंच पटत असे. मी एकदा धीर करून विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, वैनी?”

“मला काय वाटायचं? जेवायला उतरलेत. जेवतायत अजून.” आणि वर म्हणाल्या, “कोन वाडतंय कोन जाने.”

“तुमचं पटत होतं का पण?”

“पटायला मानूस घरात लागतो, बाई. आठ म्हैने दर्यावर, आनि पावसाळ्यात घरी आला की चार म्हैने घोरत. जेवायला बोलवायचं तर ताटावर वाटी आपटायची. एकदा आपटून न्हाय उटायचे, धा वेळा आपटायला लागायची. ती वाटी पार चेपली माझी.”

ती वाटी मी बघितली. पितळी, एका बाजूनं बसकी. त्या तिच्यात मीठ ठेवायच्या. मूलबाळ झालं नव्हतं, नाहीतर ‘अमक्याचे बाबा’ म्हणून तरी हाक मारता आली असती. बायको नवऱ्याला नावानं बोलवत नाही हे ठीक, पण या बाईनं आपल्या नवऱ्याला कुठल्याच नावानं कधी हाक मारली नव्हती. हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं नाही. मी तेव्हा वाटीला हसले होते.

सकाळचा चहा आम्ही दोघी पडवीत घ्यायचो आणि त्याच वेळी खाडीपलीकडच्या कोर्लईहून इनास यायचा. इनास पाववाला. रात्रभर भट्टी लावायचा, पहाटे पहिल्या तरीतून खाडी ओलांडून टोपली घेऊन रेवदंड्यात फिरायचा. गोल चेहरा, भुवयांवर कायम मैदा, आणि चालता चालता जांभया. वैनींची जाऊ किरिस्तावांचा पाव घरात येऊ देत नसे. जुन्या काळी पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकून अख्खी गावं बाटवली, ही गोष्ट ती दर आठवड्याला सांगायची. वैनी म्हणायच्या, “हीरीत टाकून फुकट घालवला. चहात टाकला असता तर मी आपनहून गेले असते.” आणि मिटक्या मारत पाव खायच्या.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर वैनींचे दीर पडवीत येऊन बसले. शांतारामभाऊ भिंतीपलीकडेच राहायचे. साधा, भिडस्त माणूस. वाडीचं अवजड काम तेच बघायचे. बरोबर गावातले म्हातारे भटजी होते. वैनींनी दोघांना पाट दिले आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या.

भाऊ म्हणाले, “वैनी, दादा सपनात येतो. पानी मागतो. रोज न्हाय, पन येतो.” एवढं बोलून तो बाप्या माणूस रडायला लागला.

वैनींनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, “तुमच्या सपनात कशाला येतात वो? मी या भिंतीला लागून झोपते. माझ्याकडं यायला काय झालं?” त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा राग जास्त होता. मला तर त्यात थोडा मत्सरही ऐकू आला.

भटजींनी समजावून सांगितलं. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की तो गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. अक्षय्य तृतीयेला पितरांना पाणी देतात. त्याच्या आत हे उरकलं तर या वर्षीचं पाणी गणपतला पोचेल. तहान भागेल. सुटेल बिचारा. त्यांनी यापुढचं काही सांगितलं नाही, पण ते पडवीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. पुतळा पेटला की वैनींचं कुंकू जाणार, बांगड्या जाणार, हळदीकुंकवाची बोलावणी बंद होणार.

वैनींनी विचारलं, “आनि जाळल्यावर ते आले तर?”

“त्यालाही शास्त्र आहे. नव्यानं जन्माला आले असं समजायचं. बारसं करायचं, नाव ठेवायचं, बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.”

“दाढीवाल्याला पाळन्यात घालायचा?”

“पाळण्याचं नाही, पण बाकीचं सगळं.”

“नाव कंचं ठेवायचं?”

“तेच, आधीचं.”

“मंग माझी पंचाईत हायेच,” वैनी म्हणाल्या. भटजींना हसू आवरेना. भाऊ रडता रडता हसले. वैनी मात्र हसल्या नाहीत. “मला जरा टाइम द्या, भाऊजी. मी न्हाय म्हनत न्हाय. पन असं कसं? एक मानूस मेला का न्हाय ते पंचांगात बघून ठरवायचं?”

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रेड्याला बोलणं बंद झालं. रहाट नुसता करकरत राहायचा. मी सुशिक्षित, तेव्हा मी त्यांना सल्ला द्यावा असं मला फार वाटायचं, पण काय द्यावा ते सुचत नव्हतं. कुंकू पुसायची सक्ती चूक, हे मला कळत होतं. भाऊंच्या स्वप्नातली तहान खोटी नव्हती, हेही कळत होतं. दोन्ही वाक्यं बरोबर होती आणि एका ओळीत बसत नव्हती.

अशात एका सकाळी इनास टोपली उतरवून म्हणाला, “वयनी, औंदा आमच्या सनाला देवळापुडं नाटक हाय. मी त्यात मरनार. बगायला या.”

वैनींनी पाव निवडता निवडता हात थांबवला. “मरून काय करनार?”

“मंग उटनार.”

“कसा?”

“ते बगायलाच या. मास्तरीनबाईंना पन आना.”

वैनी मला न विचारताच ‘येतो’ म्हणाल्या.

ईस्टरच्या दिवशी दुपारच्या तरीतून आम्ही पलीकडे गेलो. शांतारामभाऊ आणि गावातली आणखी काही मंडळी होती. पाद्रींनी मुद्दाम नाटक दिवसाउजेडी ठेवलं होतं, पाणी उतरायच्या आत रेवदंड्याची माणसं परत जावीत म्हणून. देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, अंगणात फळ्या टाकून रंगमंच केला होता. पडद्याला होडीचं शीड. एका बाजूला बांबू आणि गोणपाट काळं करून गुहा उभारलेली, तिच्या तोंडाशी गोणपाटाचाच मोठा धोंडा. त्या लोकांची आपसातली बोली निराळी, पोर्तुगीज फिरंग्यांच्या वेळची. पण पाहुण्यांसाठी नाटक मराठीत होतं. नट एकमेकांना मराठीत विचारायचे आणि आठवलं नाही की आपल्या बोलीत कुजबुजायचे.

गोष्ट मला ऐकून माहीत होती. लाजरस नावाचा माणूस आजारी पडतो, मरतो. त्याच्या दोन बहिणी रडतात. येशूला निरोप जातो, तो उशिरा येतो, तोवर भाऊ पुरून चार दिवस झालेले असतात. बहिणींची कामं दोन कोळी बाप्यांनी केली होती, लुगडी नेसून, मिशा काढून. थोरली बहीण छाती पिटायला लागली तेव्हा तिच्या दंडावरचा होडीचा गोंदवलेला आकार सगळ्यांना दिसला. कुणीही हसलं नाही. इनास पहिल्या प्रवेशात खाटेवर पडून छान मेला. मैदा आज भुवयांपुरता न ठेवता सगळ्या तोंडाला फासला होता. त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून गुहेत ठेवला आणि धोंडा लावला.

येशूचं काम कोणी करायचं यावरून गावात रुसवेफुगवे झाले होते म्हणे, म्हणून पाद्रींनी नुसता आवाज ठेवला होता. तो देवळाच्या दारामागून यायचा. आवाज म्हणाला, “आपला मित्र झोपला आहे. मी त्याला उठवायला जातो.” वैनी माझ्याकडे झुकून म्हणाल्या, “झोपलाय? आता तर मेला म्हनत व्हते.” मी म्हटलं, गप्प राहा, पुढे कळेल. मलाही ते नीट कळलं नव्हतं.

पुढचा प्रवेश लांबला. बहिणींची भाषणं झाली, शोक करणारे शेजारी आले, एक शेजारी आपलं भाषण विसरला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. मग धोंडा बाजूला झाला. आवाज मोठ्यानं घुमला, “लाजरस, बाहेर ये!”

कुणी बाहेर आलं नाही.

“लाजरस, बाहेर ये!”

गुहेत काळोख. थोरल्या बहिणीनं गुहेकडे तोंड करून काहीतरी पुटपुटलं. आवाज तिसऱ्यांदा आला, या वेळी जरा काकुळतीला आलेला. तरीही काही नाही. माणसाला आत काही झालं तर नाही? पाद्री खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून इनासची बायको रोझा ताडकन उभी राहिली आणि गळा फाटेस्तोवर ओरडली, “इनास!”

आणि तो आला. कापडात पाय गुंतवून घेत, धडपडत, मैद्याचं पांढरंफटक तोंड घेऊन, उजेडाला डोळे चोळत तो गुहेच्या तोंडाशी उभा राहिला. आपण कुठे आहोत हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. रात्रभर भट्टीपुढे जागलेला माणूस. काळोखात आडवा झाल्यावर तो झोपला नसता तरच नवल. पण त्याचं ते बावरलेपण इतकं खरं होतं की सगळ्या अंगणाच्या अंगावर काटा आला. पुष्कळ बायका गुडघ्यांवर बसल्या. शांतारामभाऊंनी हात जोडले. मी शेजारी बघितलं. वैनी उभ्या होत्या आणि इनासकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या रोझाकडे बघत होत्या.

शेवटी पाद्री मरणावर विजय या विषयावर दोन शब्द बोलले. वैनींनी ते ऐकले असं मला वाटत नाही.

परतीच्या तरीत बसल्याबरोबर त्या म्हणाल्या, “देवानं तीनदा बोलवलं, न्हाय आला. बायकोनं नाव घेतलं, आला.”

मी म्हटलं, “अहो वैनी, ती चूक झाली. नाटकात तसं नव्हतं.”

“न्हाय कसं? मी बगितलं ना.”

“तो आत झोपला होता!”

“मंग? देव पन आदी तेच बोलला. झोपलाय म्हनाला.”

मी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, त्या मन लावून ऐकत राहिल्या आणि शेवटी विचारलं, “म्हंजे तो लाजरस पुढं परत मेला?”

“मेला असेल कधीतरी.”

“दोनदा मरायचं? बहिनी रडल्या म्हनून उटवला, पन त्याला कुनी विचारलं का, बाबा तुला यायचंय का?” उतरताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, “नावात जोर असतो का वो?” मला त्या बाईंची दया येत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटत होता. एवढं पाहून माझ्यापाशी फक्त एका फसलेल्या प्रवेशाची आठवण होती, आणि त्यांना काहीतरी सापडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी इनास आला तो मान खाली घालून. गावानं त्याला पुरता सोलला होता. वैनींनी त्याला पडवीत बसवलं, आत जाऊन हरभऱ्याच्या घुगऱ्यांची परात आणली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“हे काय, वयनी?”

“बारसं. मरून आला मानूस की नव्यानं जन्म असतो. भटजी सांगून गेलेत. तुमच्यात कुनी केलं नसंल, म्हनून मी करते. आत्या समज मला.” आणि त्या वाकल्या, त्याच्या मैदा लागलेल्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, “इनास.” तो गुदगुल्या झाल्यासारखा हसला आणि घुगऱ्या खायला लागला. भिंतीपलीकडून जाऊ डोकावून गेली; आता वैनी पुरत्या बाटल्या, अशी तिची खात्री झाली.

वैनींनी त्याला खाऊ दिलं आणि मग विचारलं, “खरं सांग. देवाची हाक ऐकू आली व्हती?”

“खोटं कशाला बोलू, वयनी. काई ऐकू न्हाय आलं. मी मेल्यावानी झोपलो व्हतो.”

“आनि रोझाची?”

इनासनं घास थांबवला. “ती कशी काय ऐकू आली, काय म्हाईत. ऐकू आली म्हनन्यापेक्षा, उटलोच.”

वैनींनी परात त्याच्याकडे आणखी सरकवली. त्या संध्याकाळी त्यांनी भाऊंना बोलावलं आणि सांगितलं, “करा काय ते. माजी हरकत न्हाय. फकस्त पेटवायच्या आदी मला इचारा.”

भाऊंना हायसं वाटलं. मला धक्का बसला. मला वाटत होतं, नाटक बघून आल्यावर त्या साफ नकार देतील. पण त्यांच्या डोक्यात हिशेब कसले चालायचे ते मला कधीच कळलं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आधी एका सकाळी वाडीच्या वईपलीकडे, म्हणजे कुंपणापलीकडे, खाडीच्या रेतीत भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस मांडला. हात, पाय, छाती. नारळ वैनींनी स्वतः काढून दिला होता. “त्या कडेच्या माडाचा घ्या,” असं त्यांनी भाऊंना सांगितलं होतं, “पावसाळ्यात घरी असले की त्याच माडावर चढायचे.” पुरुष पुतळ्याभोवती उभे होते. पाववाला इनासही टोपली बाजूला ठेवून लांब उभा होता. आम्ही बायका वईच्या अलीकडे. वैनी कोरं लुगडं नेसल्या होत्या, कपाळावर ते रुपयाएवढं कुंकू. मला त्यांच्या कपाळाकडे बघवत नव्हतं आणि नजरही दुसरीकडे जात नव्हती.

भाऊंनी हातात पलिता घेतला आणि ठरल्याप्रमाणे वईकडे बघितलं. “वैनी?”

वैनी वई ओलांडून गेल्या. बायकांनी ओढायचा प्रयत्न केला, भटजी ‘अहो, अहो’ म्हणाले, पण त्या पुतळ्याला वळसा घालून थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. खाडीचं तोंड तिथून उघडं दिसतं, पलीकडे समुद्र. त्यांनी पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले.

“गणपत!”

मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. रेड्याला हाकणारा नव्हता, चंद्राला दटावणारा नव्हता. एखाद्या पोरीनं पहिल्यांदाच मोठ्यानं बोलावं तसा तो मध्येच फाटला. वैनींनी श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली.

“ए गणपत! जेवन झालं का? झालं असंल तर ये!”

मग त्या थांबल्या. मी, शिकलेली बाई, खाडीच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होते. येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी बघत होते. भटजीही तिकडेच बघत होते. इनासनं छातीवर क्रूस काढला. लाट आली, गेली, दुसरी आली. वैनींची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे तोंड दिसलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या वळल्या. भाऊंना म्हणाल्या, “ऐकू गेलं नसंल, न्हाईतर यायचं नसंल. पेटवा.” आणि कुणी पुढे यायच्या आत पदरानं स्वतःचं कुंकू स्वतःच पुसलं. मी वईला धरून रडले. माझं कोण गेलं होतं? पण रडले.

पुढे भाऊंच्या स्वप्नात दादा आले नाहीत. वैनी वाडीत जायला लागल्या. रेड्याशी बोलणं सुरू झालं, पण आता ते खरंच रेड्याशी असायचं, म्हणजे चाऱ्यापाण्याचं. मोकळं कपाळ मला अखेरपर्यंत सवयीचं झालं नाही. भाद्रपदात मात्र त्या आमच्यासोबत ‘गणपती बाप्पा’ पहिल्यापासून म्हणाल्या, सगळ्यांच्या वर आवाज काढून. पाववाल्या इनासला त्या पुढे कायम ‘भाचा’ म्हणत.

मी एकदा विचारलंच. “वैनी, तुम्हाला खरंच वाटलं होतं का, ते येतील?”

“मला काय म्हाईत, बाई? हाक मारायची राहून गेली व्हती. धा वर्सं वाटी आपटली, पन हाक न्हाय मारली. न मारताच जाळायचा म्हंजे...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी ते पुष्कळदा मनात पुरं करून बघितलं. दर वेळी निराळं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझी बदली उरणला झाली. मुंबईला जाणाऱ्या लाँचनं निघाले, तिथून पुढे उरण. वैनी धक्क्यावर आल्या होत्या, हातात पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात, बांधलेल्या सुपाऱ्या आणि इनासचे पाव. त्यांनी निरोपाचं काही म्हटलं नाही, लाँचच्या खलाशाला उगाच दोन शब्द सुनावले. लाँच सुटली. धक्का मागे पडत गेला, माणसं लहान झाली. मी सामान लावायला वळले होते.

“कुसुम!”

इतक्या वर्षांत त्या मला मास्तरीणबाईशिवाय काही म्हणाल्या नव्हत्या. माझं नाव त्यांना माहीत आहे हेही मला माहीत नव्हतं. मी कठड्याशी धावले. धक्क्याच्या अगदी टोकाला त्या उभ्या होत्या, दोन्ही हात तोंडाशी.

“काय हो वैनी? काय राहिलं?”

“काई न्हाय!” वाऱ्यावरून आवाज आला. “ऐकू जातं का बगत व्हते!”

“येतं ऐकू!” मी ओरडले. लाँचमधली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. “येतं, वैनी, येतं!”